तोरू दत्त : स्मृतीतील वृक्ष

भारतीय लेखकांच्या इंग्रजी कवितेचा इतिहास लिहिताना तोरू दत्त हिला एक परिच्छेद देण्याची प्रथा पडून गेली आहे. त्या परिच्छेदात तिचे वय सांगितले जाते, क्षयाने झालेला मृत्यू सांगितला जातो, एडमंड गॉस या इंग्रज समीक्षकाने तिची केलेली वाखाणणी येते, आणि सुरूच्या झाडावरील कवितेचा उल्लेख करून इतिहासकार पुढच्या कवीकडे वळतो. अकाली मृत्यूची करुणा इतकी प्रबळ ठरली आहे की तिच्या कवितेने स्वतःच्या शोकाशी नेमका कोणता व्यवहार केला, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. प्रस्तुत चरित्रलेखात तो प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून तिच्या आयुष्याचा मागोवा घ्यावयाचा आहे.

तोरूचा जन्म ४ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याच्या रामबागान भागातील दत्त घराण्यात झाला. बंगाली उच्चाराप्रमाणे आपण तिला तोरू म्हणतो. पण तिचे नाव म्हणजे संस्कृतातला ‘तरु’ हाच शब्द होय. जिच्या सर्वोत्तम कवितेचा नायक एक वृक्ष आहे तिचे नावही वृक्षवाचकच असावे, हा केवळ योगायोग. त्यावर अर्थाचे इमले बांधण्याचे कारण नाही. तिचे वडील गोविनचंद्र हे इंग्रजीत कविता लिहिणारे, हिंदू कॉलेजच्या परंपरेत वाढलेले गृहस्थ. त्यांच्या भावंडांनी व पुतण्यांनी मिळून रचलेल्या कवितांचा एक संग्रह १८७० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. अर्थशास्त्रज्ञ व कादंबरीकार रमेशचंद्र दत्त हे याच घराण्यातले. १८६२ साली, तोरू सहा वर्षांची असताना, या कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आई क्षेत्रमणी हिला हे धर्मांतर प्रारंभी मानवले नव्हते. पुढे ती श्रद्धावान ख्रिस्ती झाली. परंतु सीता, सावित्री, ध्रुव यांच्या कथा मुलांना ऐकविणे तिने सोडले नाही. तोरूला संस्कृताची पहिली ओळख झाली ती पंडिताकडून नव्हे, आईच्या आवाजातून, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

तीन भावंडांत अब्जू थोरला, अरू मधली आणि तोरू धाकटी. मध्ये एक वर्ष हे कुटुंब मुंबईत राहिले होते. तेवढा काळ वगळला तर त्यांचे बालपण रामबागानच्या घरात आणि कलकत्त्याच्या सीमेवरील बागमारी येथील बागेत गेले. बागमारी हे नाव तोरूच्या चरित्रात पुन्हा पुन्हा येते. चिंचेची, आंब्याची, ताडाची झाडे, बांबूची बेटे, पाण्याकाठी वाकलेली सावरीची झाडे आणि कमळांनी भरलेली तळी असा तो परिसर होता. ख्रिस्ती झालेल्या या कुटुंबाचा हिंदू आप्तांशी मोकळा व्यवहार राहिला नव्हता आणि कलकत्त्यातील इंग्रज समाजाशीही फारसे येणेजाणे नव्हते. त्यामुळे या मुलांना बाग हेच सवंगडी, शेजार आणि गाव होते. दारिद्र्याचा येथे मागमूस नव्हता; एकांत मात्र होता, आणि तो तोरूच्या वाट्याला उत्तरोत्तर अधिकच येत गेला.

१८६५ साली अब्जू वारला. त्याचे वय अवघे चौदा होते. या मृत्यूविषयी तोरूने स्वतंत्रपणे काही लिहिलेले नाही. पण तिच्या कवितेत बालपणाचा उल्लेख येतो तेव्हा मुले नेहमी तीन असतात.

१८६९ च्या अखेरीस गोविनचंद्र पत्नीला व दोन्ही मुलींना घेऊन युरोपला निघाले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस येथे या बहिणी काही महिने एका निवासी शाळेत शिकल्या. उभ्या आयुष्यात त्या गेल्या अशी ही एकच शाळा. तेथे फ्रेंच भाषा तोरूच्या अंगी अशी मुरली की पुढे तिने एक पूर्ण कादंबरी त्या भाषेत लिहिली. पॅरिसहून हे कुटुंब १८७० साली लंडनला गेले आणि १८७१ पासून केंब्रिजमध्ये राहिले. स्त्रियांसाठी तेथे नुकतीच सुरू झालेली उच्च व्याख्याने दोघी बहिणी ऐकू लागल्या. मेरी मार्टिन ही सिडनी ससेक्स कॉलेजातील एका धर्मोपदेशकाची कन्या तोरूची मैत्रीण झाली ती येथेच. भारतात परतल्यावर तोरूने मेरीला सतत पत्रे लिहिली. हरिहर दास यांनी १९२१ साली सिद्ध केलेल्या चरित्रग्रंथाचा कणा ती पत्रेच आहेत.

इंग्लंडमधील वास्तव्याच्या अखेरच्या काळात, १८७३ साली, हे कुटुंब हेस्टिंग्जला लागून असलेल्या सेंट लेनर्ड्स या समुद्रकाठच्या गावी राहिले. अरूची प्रकृती तोवर ढासळली होती. या दिवसांतील एक लहानसा प्रसंग तोरूने कवितेत नोंदविला आहे. दोघी बहिणी किनाऱ्यावर रेंगाळल्या आहेत. एक अनोळखी, फारशी तरुण नसलेली स्त्री जवळून जाते, आजारी मुलीकडे तिचे लक्ष जाते, ती थांबून बोलते आणि लाल गुलाब त्यांना देऊन निघून जाते. कविता साधी आहे, थोडी भाबडीही. पण तिच्यात एक तपशील असा आहे की ज्याकडे अभ्यासकांनी पाहावे. ते गुलाब केवढे मोठे होते हे सांगताना तोरूला उपमा सुचते ती आपल्या घरच्या तळ्यांतील कमळांची. इंग्लंडच्या किनाऱ्यावर हाती आलेले फूल तिने बागमारीच्या पाण्यात नेऊन ठेवले आहे. त्या किनाऱ्याविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तेथे आपल्यासारखी वाळू नाही, गोटे आहेत; लाट मागे फिरते तेव्हा ते एकमेकांवर घासून खरखरत खाली जातात. हा आवाज पुढे पुन्हा येणार आहे.

१८७३ च्या सप्टेंबरात दत्त कुटुंब कलकत्त्याला परतले. २३ जुलै १८७४ रोजी अरूचे निधन झाले. ती वीस वर्षांची होती. बहिणींचा बेत असा होता की तोरूने एक कादंबरी लिहावी आणि अरूने तिची चित्रे काढावीत. कादंबरी लिहिली गेली. चित्रे राहून गेली.

अरूच्या मृत्यूनंतरची तीन वर्षे हेच तोरूचे साहित्यिक जीवन होय. वयाच्या अठराव्या वर्षापासून एकविसाव्या वर्षापर्यंत, घराच्या व बागेच्या बाहेर क्वचित पाऊल टाकणाऱ्या, स्वतः खोकल्याने व ज्वराने जर्जर होत चाललेल्या या मुलीने केलेले काम पाहिले म्हणजे तिला नाजूक परदेशी रोपटे म्हणून रंगविणाऱ्यांचे नवल वाटते. तिची दिनचर्या एखाद्या व्यासंगी पंडिताची होती. १८७४ च्या डिसेंबरात ‘बेंगॉल मॅगझिन’मध्ये तिचा लकाँत द लील या फ्रेंच कवीवरील निबंध आला. १८७६ च्या मार्चमध्ये फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचा ‘अ शीफ ग्लीन्ड इन फ्रेंच फील्ड्स’ हा संग्रह भवानीपूरच्या एका छापखान्यातून बाहेर पडला. कागद हलका, छपाई ओबडधोबड, प्रस्तावना नाही. हा ग्रंथ लंडनला गॉसच्या हाती कसा पडला आणि त्याने तो प्रथम किती अनिच्छेने उघडला, ही हकीकत त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवली असून ती प्रसिद्ध आहे. तिच्यातला एक उपरोध मात्र फारसा सांगितला जात नाही. गॉस ज्या कवितेवर सर्वाधिक लुब्ध झाला, ती व्हिक्टर ह्यूगोची प्रभातगीताच्या वळणाची रचना, तोरूने नव्हे तर अरूने अनुवादिली होती. संग्रहात अरूचे आठ अनुवाद आहेत. मृत बहिणीच्या ओळी आपल्या ओळींत मिसळून तोरूने तिला ग्रंथात जिवंत ठेवले, आणि परक्या वाचकाची पहिली दाद नेमकी त्या मृत बहिणीला मिळाली.

याच सुमारास, १८७५ च्या अखेरीस, तिने वडिलांबरोबर पंडिताकडे संस्कृताचा अभ्यास आरंभिला. प्रकृतीमुळे तो एका वर्षाच्या आतबाहेर थांबवावा लागला. पण तेवढ्या अवधीत तिने विष्णुपुराणातील दोन आख्याने इंग्रजी निर्यमक छंदात उतरविली. एक ध्रुवाचे, दुसरे राजर्षी भरताचे. १८७६ च्या अखेरीपासून १८७७ च्या आरंभापर्यंत ती कलकत्त्याच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. तोरूच्या अंतरंगाचा विचार करताना भरताच्या या आख्यानाला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो.

जडभरताची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. राज्यत्याग करून तपाला बसलेला भरत नदीतून वाहणाऱ्या मृगशावकाला वाचवितो, त्याचा सांभाळ करतो, त्याच्यात गुंततो, आणि अंतकाळी त्याच्याकडेच पाहत प्राण सोडल्यामुळे पुढचा जन्म मृगाचा घेतो. पुराणकाराच्या लेखी हा तपोभ्रंश आहे. अंतकाळी ज्याचे स्मरण त्याची प्राप्ती, हा गीतेच्या आठव्या अध्यायातील सिद्धान्त येथे कथारूपाने उभा आहे. स्मरण हे बंधन आहे, कारण स्मरणात आसक्ती आहे. तोरू मूळ कथेचा अनुवाद निष्ठेने करते आणि शेवटाशी आल्यावर थांबते. मग ती पुराणकाराशी उघड वाद घालते. हरणाच्या पाडसावर प्रेम केले यात पाप कोणते, असा तिचा रोख आहे. जगाच्या सुखदुःखापासून दूर जाऊन बसण्यात मुक्ती नाही, प्रेम हीच वरची पायरी आहे, असे ती सांगते.

या समारोपाला तिच्या ख्रिस्ती संस्काराचे फळ समजण्याचा प्रघात आहे. ते अंशतः खरेही आहे. तथापि मला यात धर्मापेक्षा जवळचे काहीतरी दिसते. हे लिहिणारी मुलगी भाऊ व बहीण गमावून बसलेली होती; तिच्या दिवसाचा मोठा भाग ज्यांच्या आठवणीत जात होता ते दोघेही मृत होते. पुराणातील निवाडा मान्य केला असता तर तिचे सारे अंतर्जीवन हा एक अपराध ठरला असता. शोकातून सुटण्यासाठी विसरावे लागते, ही अट तिला मान्य नव्हती. सुटका हवी होती ती आठवणींसकट. हरणाचे पाडस, नदीचे पाणी, आश्रमाभोवतीचे रान यांच्या साक्षीने तिने हा वाद घातला, आणि येथून पुढे तिच्या कवितेत निसर्ग येतो तो या वादातील पुरावा म्हणून येतो असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

बागमारीवरील तिचे सुनीत या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यात शोकाचा शब्दही नाही. हिरव्या रंगाच्या किती छटा असतात याची जणू एक नोंद तिने केली आहे: चिंचेचा फिका हिरवा, आमराईचा गडद, मध्येच ताडांचे राखाडी खांब, आणि स्तब्ध पाण्यावर झुकलेल्या सावरीचा लाल रंग, जो रंग असूनही एकाएकी वाजलेल्या रणशिंगासारखा कानावर आदळतो. पूर्वेकडच्या बांबूंमागून चंद्र वर येतो तेव्हा पांढऱ्या कमळाचा रुप्याचा पेला होतो. भारतीय इंग्रजी कवितेत तोवर भारतीय निसर्ग बहुधा इंग्रजी कवींच्या चष्म्यातून दिसत होता. येथे प्रथमच कोणीतरी आपल्या परसातली झाडे आपल्या डोळ्यांनी, आणि नावाने, पाहिली. अर्थात चष्मा संपूर्ण उतरला होता असे नाही. सुरूवरील कवितेत पहाटे शेंड्यावर बसून सूर्योदय पाहणारा जो करडा प्राणी आहे त्याला तिने इंग्रजीतला ‘बबून’ म्हटले आहे. बबून हा आफ्रिका-अरबस्तानातला. बागमारीच्या झाडावर बसलेला तो आपला वानरच असला पाहिजे.

आता त्या सुरूकडे वळू. पाच कडव्यांची, प्रत्येकी अकरा ओळींची ही कविता तोरूच्या कीर्तीचा आधार आहे. सुरू हे सागरकाठचे झाड. बंगालच्या बागांत ते बाहेरून आणून लावले गेले. कोकणच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात जो उभा राहिला असेल त्याला वेगळे सांगावे लागू नये की या झाडाच्या सुईसारख्या पात्यांतून वारा वाहतो तेव्हा समुद्राचाच आवाज येतो, समुद्र दिसत नसला तरी. कवितेच्या आरंभी झाड नुसते दिसते. अजगरासारखी वेल त्याच्या खोडाला विळखे घालीत वर चढली आहे. दुसरे एखादे झाड त्या मिठीत गुदमरून मेले असते, पण हे ती वेल एखाद्या उत्तरीयासारखी मिरविते, आणि तिच्या लाल फुलांवर दिवसभर पाखरे व मधमाश्या जमतात. नंतर कवयित्री सांगते की या वैभवासाठी ते झाड तिला प्रिय नाही. त्याखाली ती आपल्या सवंगड्यांबरोबर खेळली, म्हणून ते प्रिय आहे.

आणि मग आवाज येतो. झाडाची ती कुजबुज तिला शोकगीतासारखी वाटते, आणि तिची तुलना ती करते गोट्यांच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या समुद्राशी. हाच तो हेस्टिंग्जचा किनारा, जेथे आजारी अरूच्या शेजारी ती उभी होती. यापुढे ती असेही सांगते की हाच आवाज तिने दूरदेशी, फ्रान्स-इटलीच्या चांदण्या किनाऱ्यांवरही ऐकला होता, आणि तो ऐकताच अंतःचक्षूंपुढे मायदेशातले ते झाड उभे राहिले होते. म्हणजे परदेशात समुद्र ऐकताना झाड आठवले, आणि मायदेशी झाड ऐकताना समुद्र आठवतो. दोन स्मृती एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. मध्ये तीन-चार वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात अरू गेली आहे. पहिल्या वेळी ते घरचे आठवणे होते. दुसऱ्या वेळी मात्र त्याच आवाजात मृत माणसाचा सहवास मिसळला.

या कवितेत तोरू वर्ड्स्वर्थचे ऋण उघडपणे मान्य करते. बॉरोडेलच्या यू वृक्षांवरील त्याच्या कवितेचा ती निर्देश करते. त्यामुळे वर्ड्स्वर्थच्या निसर्गस्मृतीची छोटी आवृत्ती म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. वर्ड्स्वर्थच्या ठायी स्मरणातला निसर्ग क्षुब्ध मनाला शांतवितो, कारण तो माणसांच्या कोलाहलापासून दूर आहे. तोरूचा निसर्ग माणसांनी भरलेला आहे आणि म्हणूनच तो काही करू शकतो. दुसरीकडे आपल्या अलंकारशास्त्रात वृक्ष, चंद्र, कोकिळ हे उद्दीपन विभाव होत; विरही मनाचे दुःख ते वाढवितात. तोरूच्या बागेत कोकिळही आहे, चंद्रही आहे, पण त्यांनी दुःख भडकत नाही. ही दोन्ही चौकटी तिला पुऱ्या बसत नाहीत. तिचा वृक्ष शांतवीतही नाही आणि जाळीतही नाही. तो तिच्याऐवजी रडतो. शोक झाडाकडे सोपविला जातो आणि तिचे हात मोकळे होतात. त्या मोकळ्या हातांनी ती काय करते? शेवटच्या कडव्यात ती झाडासाठी गीत रचते, आणि विस्मरणाच्या शापापासून प्रेमाने त्याचे रक्षण करावे असे मागते. भरताला दोष देणाऱ्या पुराणकाराला दिलेले हे दुसरे उत्तर होय.

सीतेवरील तिची छोटी कविता याच सुमाराची वाटते. अंधाऱ्या खोलीत तीन मुले आईचे गाणे ऐकत आहेत. त्यांना दाट अरण्य दिसते, तळ्यावर तरंगणारे हंस, झेपावणारा मोर, हरणांचे कळप, वाल्मीकीच्या आश्रमातून वर जाणारा निळा धूर, आणि रडणारी सीता. हे अरण्य कोणीच पाहिलेले नाही. ते केवळ आईच्या आवाजात आहे. तरीही बागमारीइतकेच ते खरे आहे. कविता एका प्रश्नापाशी थांबते: ती मुले आईजवळ पुन्हा कधी गोळा होतील? येथे मात्र सुटका नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सुरूने जे साधले ते प्रत्येक वेळी साधतेच असे नाही. ‘बियांका’ या तिच्या अपुऱ्या इंग्रजी कादंबरीचा आरंभही थोरल्या बहिणीच्या दफनविधीने होतो, आणि इंग्लंडातल्या त्या उजाड ऋतूत नायिकेच्या आधाराला कोणतेही ओळखीचे झाड नाही.

१८७७ च्या प्रारंभी तोरूने क्लारिस बादेर या फ्रेंच विदुषीला पत्र लिहून प्राचीन भारतातील स्त्रियांवरील तिच्या ग्रंथाच्या अनुवादाची परवानगी मागितली. ती मिळालीही; पण काम करण्याचे बळ उरले नव्हते. अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेतील एका कवितेत ती भर दिवसा, वडिलांचा हात हाती धरून, अर्धवट जागेपणी एक अमर्याद प्रकाशाचे मैदान पाहते. त्यात एक झाड आहे, सोन्यारुप्याच्या पानांचे. शेजारचा देवदूत त्याच्या डहाळ्या तिच्या कपाळाभोवती गुंफतो, तेव्हा ताप उतरतो. डोळे उघडते तो झाड नाही, देवदूत नाही. जवळ बसलेले वडील तेवढे आहेत. बायबलमधील जीवनवृक्ष येथे आहे हे उघडच आहे. परंतु आजारी मुलीच्या स्वप्नात तो झाडाचेच रूप घेऊन आला, याचे श्रेय बागमारीलाही द्यावयास हवे.

३० ऑगस्ट १८७७ रोजी तिचे निधन झाले. वय एकवीस वर्षे सहा महिने. पुढल्याच वर्षी एक तरुण मराठी विदुषी कलकत्त्यात आली आणि तिच्या संस्कृत वक्तृत्वाने ते नगर थक्क झाले. ती रमाबाई होय, तोरूहून दोन वर्षांनी लहान. या दोघींची भेट होऊ शकली नाही याची हळहळ तौलनिक अभ्यासकाला वाटल्यावाचून राहत नाही. एकीचे बालपण कुटुंबासह तीर्थाटनात वाटेवर गेले, दुसरीचे कुंपणाच्या आत.

तोरूच्या मागे तिची हस्तलिखिते वडिलांना सापडली. ‘बियांका’ १८७८ साली ‘बेंगॉल मॅगझिन’मध्ये आली, फ्रेंच कादंबरी १८७९ साली पॅरिसला बादेरच्या प्रस्तावनेसह निघाली, आणि १८८२ साली लंडनहून ‘एन्शंट बॅलड्स अँड लेजेंड्स ऑफ हिंदुस्तान’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात अखेरची कविता सुरूची आहे. गोविनचंद्र १८८४ साली वारले. सीतेचे गाणे म्हणणारी क्षेत्रमणी त्यानंतरही मागे राहिली होती.